भटूची मूठ

वाडी आमच्या मालकीची नव्हती, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे म्हातारा बढाया मारतो असं कोणी म्हणायला नको. सुरतेजवळ कडोदऱ्याच्या मागे नहेरीच्या, म्हणजे कालव्याच्या, काठाला मगनकाका पटेलांचा एक तुकडा पडीक होता. एक वीघा आणि वर थोडंसं. काकांची मुलं परदेशात, त्यांचे स्वतःचे गुडघे गेलेले, शेतात कोण उतरणार? माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, लूमच्या खात्यात फिटर होते. सुरतेत कारखान्याला खातंच म्हणतात. एकदा नानांनी काकांची पाण्याची मोटर उघडून नीट करून दिली, तर काका म्हणाले, "नानाभाई, जमीन पडी छे, तमे वावो ने." अट एवढीच, कुंपण शाबूत ठेवायचं आणि हिवाळ्यात त्यांच्या घरी पापडी पोचवायची. त्या दिवशी नाना सायकल हातात धरून पायी घरी आले. बसायचं विसरले म्हणे. गावाकडे, शिरपूर भागात, ते चार भावांत धाकटे, त्यांच्या वाट्याला शेत असं आलंच नव्हतं. पोरवयापासून दुसऱ्याच्या बांधावर राबले आणि मग सुरतेला आले. चाळिशी उलटल्यावर त्यांना वाडी मिळाली, तीही उसनी.

चाळीतले लोक हसायचे. बारा तास मशीनपुढे उभं राहायचं आणि उरलेल्या वेळात माती उकरायची, याला काय म्हणावं? शेजारी लातूरकडचे रामराव राहायचे, बांधकामावर जायचे. ते रोज विचारायचे, "काय नाना, आज किती पोती निघाली?" नाना म्हणायचे, "एक जुडी कोथिंबीर निघाली. तुमच्या घरात शिजून तुमच्या पोटात पण गेली, ढेकर द्या आता." वाडीतलं काही विकायचं नाही हा नानांचा नियम होता. घरी खायचं, चाळीत वाटायचं, काकांकडे द्यायचं. काका सगळ्यांना सांगायचे, "आ तो शोखनी वाडी छे." नानांना तो शब्द फार आवडला होता. आमच्या सात पिढ्यांत कुणाला शौक नव्हता, पोट होतं फक्त.

लूमवर काम करणाऱ्याचे कान लवकर जातात. नानांचे अर्धे गेले होते, माझे जायला लागले होते, त्यामुळे आमच्या दोन खोल्यांत सगळे ओरडूनच बोलायचे. मीठ मागायचं तरी भांडण चाललंय असं वाटायचं. वाडीत गेलं की नहेरीचं पाणी, चिमण्या, आणि कुंपणाची फडफड. ते कुंपण साड्यांचं होतं. पलसाण्याच्या रंगकामाच्या कारखान्यांतून डाग पडलेल्या, छापा सरकलेल्या साड्या कोणी ना कोणी आणून द्यायचं. त्या बांबूंना ताणून बांधल्या की रानडुकरं आत येत नाहीत. पोलिस्टर ते, ना कुजतं ना विटतं. जांभळी, पोपटी, राणी कलर. माझी माय म्हणायची, "मना घरमा एक धड लुगडं नही, आन वाडी नवरीसारखी नटेल शे." घरात आम्ही अहिराणीच बोलायचो. मी इथे पुस्तकातलं लिहायचा प्रयत्न करतो आहे, चौथी शिकलेल्या माणसाला जमेल तेवढं.

पावसाळ्यात त्या साड्यांवर गंगाफळाचे वेल चढायचे. गंगाफळ म्हणजे लाल भोपळा. गौरी-गणपती होईपर्यंत एवढी फळं धरायची की साड्या वजनाने खाली यायच्या. दिवाळीनंतर खरी मजा. पापडीच्या शेंगा, हरभरा, आणि गावाहून आणलेल्या बियांची भरिताची वांगी, हिरवी, लांबुडकी, पांढऱ्या रेघांची. माय तुरीच्या काड्यांवर वांगी भाजायची, हिरव्या मिरच्या तिथेच निखाऱ्यावर, मग सगळं लाकडी बडगीत ठेचायचं, वरून कांद्याची पात आणि तेल. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. हात धुतले तरी संध्याकाळपर्यंत बोटांना धुराचा वास राहायचा, आणि लूमवर धागा जोडताना तो नाकाशी आला की पाळी लवकर सरायची. ज्वारीच्या चार ओळी हुरड्यासाठी. सुरतेचे लोक त्याला पोंक म्हणतात, वर शेव आणि लिंबू टाकून खातात. नाना म्हणायचे, शेव टाकली की हुरड्याची चव मेली. काका म्हणायचे, "तमारा हुरडामां तो दांत तूटे, नानाभाई." दर हिवाळ्याला हाच वाद, आणि वाद घालत दोघं मिळून सुपडंभर संपवायचे. उन्हाळ्यात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझी बहीण सासरहून यायची, बांधावरच्या आंब्याला झोका बांधून दुपारभर गाणी म्हणायची. कैऱ्या मीठ-मिरची लावून खायच्या. मला वाटतं, आमच्या घरात एवढं हसू पुन्हा कधी झालं नाही. आणि ते बंद कोणी पाडलं हेच सांगायला बसलो आहे.

गहू थोडाच पेरायचो, चार वाफे. पण तो कानबाईचा गहू. आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ लावून, चौरंगावर सजवून देवी मांडतात आणि दुसऱ्या दिवशी नदीवर बोळवण. त्या देवीचे रोट असतात, पुरणाचे. रोटांचा गहू मोजायची रीत वेगळी. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. नाव घ्यायचं, मूठ भरायची, सुपात टाकायची. पाळण्यातलं पोर असलं तरी त्याची मूठ असते, परगावी असला तरी असते. तेवढाच गहू दळायचा, त्याचा कोंडासुद्धा फेकायचा नाही. आणि ज्यांची मूठ पडली त्या घरानेच ते रोट खायचे, पौर्णिमेच्या आत संपवायचे, बाहेरच्याला कणही द्यायचा नाही. भाऊ वेगळे झाले की आमच्यात म्हणतात, रोट वेगळे झाले. सुरतेला आल्यावर पहिली वर्षं हा गहू दुकानातला असायचा. वाडी मिळाल्यावर नाना म्हणाले, आता देवीला दुकानदाराचा गहू नको. मोजताना माझा धाकटा भाऊ भटू दरवर्षी ओरडायचा, "मनी मूठ मोठी ल्या, मी रोट जास्त खास!" विशीत आला तरी त्याचं हे ओरडणं सुटलं नव्हतं. नाना त्याच्या नावाची मूठ मुद्दाम चिमूटभर करून दाखवायचे, मग हसून भरपूर घ्यायचे.

भटू माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. लूमवर त्याचा हात जड होता, सारखे धागे तुटायचे, मुकादमाच्या शिव्या खायचा. मी चार मशीन एकटा सांभाळायचो आणि कापडात एक डाग नाही. याचा मला ताठा होता, आणि अजून आहे, लपवत नाही. पण वाडीत उलटं होतं. भटूने माती हातात घेऊन चुरली की सांगायचा, आज पाणी नको. मिरचीचं पान पाहून सांगायचा, चार दिवसांत किडा पडणार. आणि पडायचा. संध्याकाळी जेवताना नाना त्याला विचारायचे, "भटू, काय करू या?" मला नाही विचारायचे. मी थोरला, मी कमावता, माझं लग्न झालेलं, आणि माझ्या देखत धाकट्याला विचारतात. माझी बायको सुमन एकदा म्हणाली, "अहो, त्याला येतं म्हणून विचारतात. तुम्हाला लूमचं विचारतात की." बरोबर बोलली होती. म्हणून तिच्याशी दोन दिवस बोललो नाही.

त्या वर्षी गहू छान आला होता. ओंब्या भरत आल्या होत्या, शेवटचं पाणी तेवढं द्यायचं राहिलं होतं. एका रात्री जेवताना नानांनी विचारलं आणि भटू म्हणाला, "दोन दिवस थांबू. वारा उठेल. ओंबी भरली म्हणजे वरचं वजन वाढतं. अशात ओल दिली की मुळं सैल होतात, गहू लोळेल." मी म्हटलं, "जमिनीला भेगा पडल्यात, दिसत नाही का? दाणा चिमेल." नाना घास चावत राहिले आणि म्हणाले, "भटू म्हणतो तर थांबू." एवढंच. एवढ्याशा बोलण्याने माणसाच्या डोक्यात काय काय होतं ते मला विचारा.

दुसऱ्या दिवशी आमच्या दोघांची सुट्टी होती, नाना तेवढे कामावर. सकाळी भटू वाडीतून कोथिंबीर आणि वांगी घेऊन आला आणि मित्रांकडे गेला. जेवण करून मी सायकल काढली. सुमनला सांगितलं, केस कापून येतो. वाडीत पोचलो तेव्हा कुंपणाच्या साड्या हलत होत्या. अजून वारा असा नव्हता, नुसत्या पोट फुगवल्यासारख्या आत-बाहेर होत होत्या. भटू त्याच साड्यांवरून वाऱ्याचा अंदाज घ्यायचा, हे मला माहीत होतं. मी पाहिल्या. पाहून न पाहिल्यासारखं केलं. पाटाच्या तोंडाशी लाकडी फळी असायची, ती उपसली आणि बांधावर ठेवली. पाणी वाफ्यात शिरलं, भेगांनी ते गटगट पिऊन टाकलं, आणि मला असं बरं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, उद्या गहू तरारून उभा राहील आणि नाना म्हणतील, हिलाल, तुझंच बरोबर होतं. चारही वाफे भरेपर्यंत उभा राहिलो. फळी परत लावली. निघालो तेव्हा साड्या फडफडायला लागल्या होत्या आणि अर्ध्या रस्त्यात डोळ्यांत धूळ जायला लागली. तेव्हा परत फिरून काही उपयोग नव्हता. फिरलो असतो तरी काय करणार होतो, गव्हाला हातांनी धरून ठेवणार होतो?

सकाळी नाना, भटू आणि मी, तिघं गेलो. सुमनही आली होती, तिला पाचवा महिना होता आणि तिला हरभऱ्याची भाजी खुडायची होती. गहू सगळा आडवा. कोणीतरी त्यावर झोपून लोळून गेल्यासारखा, एका बाजूला. वाफ्यातली माती ओली. नाना बांधावर उभे राहिले. ते ओरडले नाहीत, हलक्या आवाजात बोलले, आणि नाना हलक्या आवाजात बोलले की आम्हाला कापरं भरायचं. "फळी कोणी काढली?" म्हणाले. मी सांगू शकलो असतो. दोन शिव्या खाल्ल्या असत्या, फार तर एक थोबाडीत, आणि संपलं असतं. पण समोर सुमन उभी होती, आणि भटू. त्या दोघांपुढे मी चुकलो असं म्हणायला माझी जीभ उचलेना. मी म्हणालो, "काल सकाळी भटू आला होता ना इकडे."

खोटं म्हणावं तर खोटं नव्हतं. आला होताच तो. असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगितलं आहे.

भटूने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. कालचीच पँट होती माझ्या अंगात आणि खालच्या दुमडीत चिखल वाळलेला. त्याला तो दिसला. हे मी पैजेवर सांगतो, त्याला दिसला. त्याने सुमनकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. नाना म्हणाले, "तूच म्हणालास थांबू, आणि तूच सोडलंस? माझ्या माघारी?" नानांनी त्याच्या हातातलं फावडं काढून घेतलं. "आजपाईन वाडीमा पाय ठेवू नको." मारलं असतं तर बरं झालं असतं. भटूने चप्पल घातली आणि साड्यांच्या कडेकडेने चालत गेला. एका ठिकाणी साडी सुटून लोंबत होती, तिची गाठ त्याने जाता जाता पक्की केली.

आठवड्याभरात त्याने कोसाडकडे एका खात्यात काम धरलं आणि तिकडेच गाववाल्या पोरांबरोबर खोली केली. माय म्हणाली, रागात गेला आहे, येईल. मीही म्हणालो, येईल. लोळलेला गहू आम्ही विळ्याने खरडून काढला. दाणा बारीक, चिमलेला, पण देवीचा म्हणून डब्यात भरून ठेवला. नाना वाडीत जायचे, पण जेवताना काही विचारायचे नाहीत. मी आपणहून सांगायला लागलो, मिरचीला खत देऊ, भेंडी लावू. ते "हं" म्हणायचे. मला वाटलं होतं, भटू गेला की त्याची जागा मला मिळेल. जागा रिकामीच राहिली. त्याचा राग मला भटूवरच आला. माणसाचं डोकं कसं चालतं बघा. ज्याचं आपण वाईट केलं त्याचाच राग येतो, कारण तो दिसला की आपण दिसतो.

आषाढात सुमन बाळंत झाली, मुलगा झाला. भटू येऊन पाळण्यात झबलं ठेवून गेला, मी पाळीवर होतो. मग श्रावण आला. त्याच्या थोडं आधी खात्यात नानांचा उजवा हात पट्ट्यात सापडला होता, बोटं वाचली पण पंजा पट्टीत होता, मूठ वळेना. कानबाईच्या आधी गहू मोजायच्या दिवशी ते ओट्यावर बसले आणि म्हणाले, "हिलाल, तू घे." ते काम आजवर त्यांनी कोणाला दिलं नव्हतं. मी अंघोळ करून, टोपी घालून बसलो. माय सूप धरून समोर. डबा उघडला. नानांचं नाव घेतलं, सव्वा मूठ. माझं नाव, सव्वा मूठ. मुलाचं नाव घेतलं, सव्वा मूठ. आणि झाकण लावलं.

माय म्हणाली, "आन भटू?"

मी म्हणालो, "तो वेगळा राहतो. त्याचे रोट वेगळे."

हे हळू बोललो, नानांना ऐकू जाणार नाही इतकं. माय माझ्याकडे बघतच राहिली. तेवढ्यात ओट्यावरून नानांनी मोठ्याने विचारलं, "चार झाल्या ना रे?" त्यांच्या डोक्यात हिशेब होता, नातवाची धरून चार. मी मोठ्याने म्हणालो, "झाल्या, चार." मायने तोंड उघडलं आणि मिटलं. देवीचं काम मांडलेलं, त्यात तिला भांडण नको होतं. असेल. किंवा थोरल्या पोराला बापासमोर खोटं पाडवलं नसेल. मी तिला कधी विचारलं नाही. त्या डब्यातला तो गहू, जो मीच लोळवला होता, त्यात ज्याने तो पेरला त्याची मूठ नव्हती.

कानबाईची बोळवण तापीवर झाली. सगळा खानदेश लोटलेला, वाजंत्री, गुलाल. तिथून घरी आलो तर दारात भटू. बारीक झाला होता. कोणी बोलावलं नव्हतं आणि बोलवायचं नसतंच, रोटांना घरचा माणूस आपणहून येतो. नाना त्याला पाहून सरकून बसले, शेजारी जागा केली. मला ते सरकणं अजून दिसतं. पट्टीतला हात त्यांनी उचलून मांडीवर घेतला आणि तेवढी चटई मोकळी केली. भटू बसला. सुमनने ताट ठेवलं. कढी, गंगाफळाची भाजी, आणि रोट. भटूने हसून मायकडे पाहिलं, सहा महिन्यांत पहिल्यांदा, आणि म्हणाला, "माय, मनी मूठ मोठी लिधी ना?"

मायचा हात कढीच्या पळीवर थांबला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी गप्प बसायला हवं होतं, किंवा म्हणायला हवं होतं, हो, मोठी घेतली. एक शब्द. पण मला वाटलं, आता कळणारच आहे, तर भ्यायचं कशाला? मी म्हणालो, "तुनी मूठ लिधीच नही."

भटूने रोट कपाळाला लावला. तो परत ताटात ठेवला, ताटाला हात जोडले आणि उठला. रीत मोडली नाही त्याने. मूठ नाही तर रोट नाही. नाना म्हणाले, "काय? काय म्हणाला हिलाल?" त्यांना ऐकू गेलं नव्हतं. कोणी सांगेना. शेवटी माय त्यांच्या कानाशी ओरडून म्हणाली, "भटूनी मूठ टाकी नही!" ते चाळभर ऐकू गेलं. तोवर भटू जिना उतरला होता. पाण्याचं खोटं त्याने गिळलं होतं, माझा मान ठेवून. पण हे त्याला गिळता आलं नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या ताटातला रोट उजव्या हाताने उचलायला गेले, बोटं वळली नाहीत, आणि त्यांनी तो तसाच सोडून दिला. त्या वर्षी त्यांनी रोट खाल्ला नाही.

नाना पुढे तीन वर्षं होते. वाडीत जाणं आधी कमी झालं, मग बंद. साड्या एकेक करून सुटल्या. काका गेले, मुलांनी तुकडा विकला, आज तिथे मोठी शेड आहे आणि बाहेर ट्रक उभे असतात. परवा रिक्षाने जाताना पोराला दाखवलं तर म्हणाला, "अहीं? खेतर?" तो गुजरातीच बोलतो. नानांच्या मयतीला भटू आला, खांदा दिला, माझ्या बाजूनेच होता, आणि गेला. पुढे मायच्या वेळीही तसंच. लग्नाकार्यात दिसलो तर "बरं आहे ना" आणि "बरं आहे." तीस वर्षं. मी थोरला, मी का जाऊ, असं मी म्हणत राहिलो. फळीचं खरं नाना जिवंत असेपर्यंत सांगितलं नाही आणि ते गेल्यावर सांगायला कोणी उरलं नाही असं धरून चाललो.

गेल्या श्रावणात, कानबाईची बोळवण झाल्यावर, भटूची सून बाजारात भेटली. पदर घेतला, पाया पडली. म्हणाली, "काका, रोटांना या की कधी. तुमची मूठ दरवर्षी पडते." मी म्हटलं, माझी? म्हणाली, "बाबाच मोजतात. आधी आजोबांच्या नावाची, ते गेले तरी. मग तुमची, मग स्वतःची, मग पोरांची. तुमच्या वाटणीचा रोट बाबा झाकून ठेवतात, कोणाला हात लावू देत नाहीत. पौर्णिमेला गाईला घालतात." सहज बोलली ती, पिशवीत मेथी भरता भरता. घरी येऊन मी सुमनला काही सांगितलं नाही. दोन दिवस बसून काढले. तीस रोट. गाईने खाल्लेले तीस रोट.

तिसऱ्या दिवशी पौर्णिमेच्या आत कोसाडला गेलो. रिक्षातून उतरून अर्धा तास वसाहतीत फिरलो, कारण मला भावाचं घर माहीत नव्हतं. भटूच्या दाराबाहेर डालडाच्या डब्यांत मिरचीची रोपं, आणि एका डब्यात वांगं, हिरवं, पांढऱ्या रेघांचं. भटू खाटेवर बसला होता, केस सगळे पांढरे. मला पाहून उठला. मी दारातच उभं राहून म्हणालो, त्याच्या सुनेपुढे, नातवंडांपुढे, मुद्दाम मोठ्याने, "भटू, त्या दिवशी फळी मी काढली होती."

"माहीत शे," तो म्हणाला. "हात धोई ले. बस."

सुनेने ताट आणलं. झाकून ठेवलेला रोट, गार, कडा जरा कडक झालेल्या. मी पहिला घास मोडला. भटू समोर बसून बघत होता. मग त्याने विचारलं, रागाने नाही, माहिती विचारावी तसं, "आन तुना रोटमा मनी मूठ पडस का?"

मी खोटं बोलू शकलो असतो. त्याला कळलं नसतं, माय नव्हती, नाना नव्हते, माझ्या घरी गहू मीच मोजतो. घास तोंडाजवळ तसाच राहिला.

"नही," मी म्हणालो.

भटूने मान हलवली. मग आत तोंड करून सुनेला म्हणाला, "दादाले कढी वाढ. कोरडा खाई राह्यना."